नवीन मशिन घ्यायच्या आधी आहे त्याच शेडमधनं जास्त काम कसं काढायचं

दोन वर्षांपूर्वी मी दुसरी व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशिन) घ्यायचीच म्हणून ठरवून बसलेलो. कोटेशन आलेलं, बँकेत फाईल द्यायची तेवढी बाकी. आमचं शेड कोल्हापूरच्या उद्यमनगरात, दोन सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवरचे लेथ), एक व्हीएमसी, एक रेडियल ड्रिल (भोकं पाडायचं मशिन), दोन जुने लेथ आणि मला धरून नऊ माणसं. शिरोलीच्या फाउंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, येतंय, आम्ही मशिनिंग करून परत देतोय, शुद्ध जॉबवर्क. डिलिव्हरी रोज उशिरा, फोनवर रोज बोलणी, आणि सगळं खापर व्हीएमसीवर की एक मशिन पुरंना. आमच्याकडं एक जुने फिटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते चहा पिता पिता एवढंच म्हणाले, "घ्या की मालक दुसरं मशिन, पण हे हाय ते दिवसातनं किती वेळ चिप काढतंय ते कधी बघितलंय का?"

चिप काढणं म्हणजे प्रत्यक्ष धातू कापणं, ते कधी बघितलं नव्हतं. मशिनचा आवाज येतोय म्हणजे काम चाललंय असं धरून चाललेलो. मग बघितलं, आणि ते कोटेशन ड्रॉवरमध्ये गेलं. पुढं काय काय केलं ते क्रमानं सांगतो. आमचा धंदा मशिनिंगचा म्हणून उदाहरणं तिथली, पण प्रेस शॉप असो नाहीतर प्रिंटिंग प्रेस, क्रम हाच लागतोय.

पहिलं काम: एक आठवडा नुसतं लिहायचं

काही बदलू नका, काही विकत आणू नका. मशिनला एक क्लिपबोर्ड टांगा, पेन दोऱ्यानं बांधून, नाहीतर पेन संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मशिन पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की किती वाजता थांबलं, किती वाजता चालू झालं, कारण काय, एवढंच लिहायचं. कारणं आधीच ठरवून वर छापून ठेवा, सेटिंग (पुढच्या जॉबसाठी मशिन तयार करणं), माल नाही, टूल शोधतोय, तपासणीची वाट, जेवण-चहा, बिघाड, आणि ऑपरेटरनं कारणापुढं फक्त टिक करायची.

यात मी पहिल्याच दिवशी मार खाल्ला. पहिल्या दोन दिवसांचे कागद बघितले तर मशिन दिवसभर चालू, एक पण स्टॉप नाही! पोरांना वाटलं मालक कोण टाईमपास करतोय ते शोधतोय. मग सगळ्यांना उभं करून सांगितलं की ह्याच्यावरनं कुणाचा पगार कापायचा नाही, आणि यादीत अजून एक कारण टाकलं, "मालकानं ड्रॉइंग दिलं नाही". त्याच दिवशी दुपारी त्या कारणापुढं दोन टिक पडल्या आणि तिथनं पुढचे आकडे खरे यायला लागले.

आठवड्याची सरासरी निघाली ती अशी. शिफ्ट ४८० मिनिटांची. चिप काढायला २१० मिनिटं. सेटिंगला ९५. माल, गेज (माप तपासायचं साधन) नाहीतर ड्रॉइंगची वाट बघण्यात ७०. जेवण-चहा ४५. टूल आणि पाने शोधण्यात ३०. पहिला पीस ओके व्हायची वाट बघण्यात ३०. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ मशिन उभं, आणि मी पंचवीस-तीस लाखाचं तसंच दुसरं उभं करायला निघालेलो.

अडलंय कुठं ते शोधा, आणि फक्त तिथंच लक्ष घाला

शेडमध्ये एकच कुठलं तरी मशिन नाहीतर माणूस असा असतोय जिथं सगळ्या मालाची मानगूट अडकलेली असती. ते शोधायला सॉफ्टवेअर लागत नाही, क्रेट कुणाच्या समोर साठलेत ते बघा. आमच्यात व्हीएमसीसमोर सहा-सात क्रेट आणि सीएनसीच्या पुढं मोकळं.

आता इथं एक गोष्ट पटायला मला वेळ लागला. जिथं अडलंय तिथं एक तास वाया गेला की आख्ख्या शेडचा एक तास जातोय. आणि जिथं अडलेलं नाही तिथं एक तास वाचवला तर हातात काहीच येत नाही, फक्त क्रेटचा ढीग वाढतोय. आधी मी सीएनसीवाल्या पोराला "फीड वाढव, फीड वाढव" म्हणून, म्हणजे कापायचा वेग वाढवायला, पिडायचो आणि त्याचा माल व्हीएमसीसमोर जाऊन चार दिवस पडायचा. कास्टिंगचे पैसे भले फाउंड्रीचे असतील, पण जागा माझी, गंज माझ्या दारात आणि शिव्या पण मलाच.

व्हीएमसीसाठी मग तीन गोष्टी केल्या, तिन्ही बिनपैशाच्या.

जेवणाच्या आणि चहाच्या वेळी मशिन बंद करायचं नाही. व्हीएमसीचा ऑपरेटर जेवायला गेला की लेथवरचा पोरगा तेवढा वेळ येऊन पीस लावतोय-काढतोय, लेथ थांबला तरी चालतंय, तो अडलेला नाही. रोजची ४५ मिनिटं, २६ दिवसांत साडेएकोणीस तास. फक्त पीस लावायचं-काढायचंच शिकवलंय त्याला, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, काही वेगळा आवाज आला तर फीड होल्ड (टूल जागेवर थांबवायचं बटण) दाबून बोलवायचं.

दुसरं, खराब कास्टिंग त्या मशिनवर चढूच द्यायचं नाही. पूर्वी ब्लो होल (ओतताना हवेनं पडलेली पोकळी) कधी दिसायचा, तर व्हीएमसीवर वीस मिनिटं घालून झाल्यावर. आता माल उतरवतानाच डोळ्यानं तपासतोय, कोअर शिफ्ट (आतला पोकळ भाग बाजूला सरकलेला) वाटला तर साधं मार्किंग करून बघतोय. रिजेक्शन तेवढंच आहे, पण ते आता क्रेटमध्येच सापडतंय.

तिसरं जरा उलटं वाटंल. व्हीएमसीवर होणारी काही ड्रिलिंगची कामं आम्ही रेडियलवर नेली, जिग (ड्रिलला जागा दाखवणारा साचा) बनवून. रेडियलवर प्रत्येक पीसला जास्त वेळ लागतोय, खर्चाचा हिशोब ठेवणारा बघंल तर कपाळाला हात लावंल, पण रेडियल अर्धा दिवस मोकळंच असायचं. मोकळ्या मशिनचा वेळ फुकटचा, व्हीएमसीचा वेळ सोन्याचा. जिथं भोकाच्या जागेत सूट (टॉलरन्स) अगदी कमी आहे ती भोकं मात्र नेऊ नका, ती व्हीएमसीवरच ठेवा.

सेटिंगचा वेळ

सगळ्यात जास्त वेळ इथं सापडला. याची पद्धत जपानच्या शिगेओ शिंगो यांनी मांडलेली आहे आणि मूळ कल्पना शाळेतल्या पोराला कळंल इतकी सोपी. सेटिंगमधली कामं दोन ढिगांत टाकायची. मशिन थांबवल्याशिवाय होतच नाहीत ती एका ढिगात, आणि आधीचा जॉब चालू असतानाच उरकता येतील ती दुसऱ्या ढिगात. दुसऱ्या ढिगातलं सगळं आधी उरकायचं. मग पहिल्या ढिगातली कामं बारीक करायची.

करायचं कसं, तर मोबाईल स्टँडला लावून एका सेटिंगचा पूर्ण व्हिडिओ काढा. शेवटचा चांगला पीस निघाला तिथनं पुढच्या जॉबचा पहिला चांगला पीस निघेपर्यंत. मग सेटरला शेजारी बसवून बघा, एकट्यानं बघून त्याला बोल लावू नका. आमच्या व्हिडिओत एक सीन आहे, आमचा सेटर फिक्श्चरचा (जॉब पकडून ठेवायच्या चौकटीचा) एक बोल्ट काढायला ८ नंबरची ॲलन की घेतोय, दुसऱ्या बोल्टला १० ची लागती म्हणून शेडच्या त्या टोकाला जातोय, तिथं ती मिळत नाही, लेथवाल्याच्या खिशात असती, ती घेऊन येतोय आणि तोवर आधीची ८ ची कुणीतरी उचललेली. सहा मिनिटं गेली ह्यात. तो बघताना स्वतःच हसायला लागला आणि म्हणाला, "साहेब, हे रोजचंच हाय."

मग सगळ्या फिक्श्चरचे बोल्ट एम १२ (१२ मिलीमीटरचे) केले. एकच १० ची ॲलन की, ती मशिनला साखळीनं बांधलेली. साखळीला पन्नास रुपये पण लागले नसतील. बेडवर टी-स्लॉटला (बेडमधल्या खाचांना) जुळणाऱ्या लोकेटिंग की, म्हणजे जागा पकडणाऱ्या पट्ट्या, प्रत्येक फिक्श्चरला खालनं बसवल्या, त्यामुळं डायल (सरळपणा मोजायचं साधन) लावून फिक्श्चर सरळ करायचा वेळ गेला, बसवलं, सरकवलं, आवळलं. ह्या की बसवायला चार फिक्श्चर मिळून दोन दिवस गेले, मामांनी जुन्या लेथवर आणि शेपिंगवाल्याकडनं केल्या. एक ट्रॉली केली, जुन्या हॉस्पिटल ट्रॉलीसारखी, भंगारातनंच. पुढच्या जॉबची टूल्स, गेज, ड्रॉइंग, प्रोग्रॅम नंबर आणि पहिले दोन कास्टिंग आधीचा जॉब संपायच्या अर्धा तास आधी त्या ट्रॉलीवर पाहिजेत, आणि ती भरायची जबाबदारी सेटरवर न टाकता रेडियलवरच्या पोरावर टाकली.

९५ मिनिटांची ४० झाली. लगेच नाही, तीन महिने लागले, मध्ये एकदा परत ७० वर गेली कारण ट्रॉली भरणारा पोरगा गावाकडं जत्रेला गेलेला. माणूस एकच शिकवला की असं होतंय.

हवेची गळती, कारण ती दिसत नाही

कॉम्प्रेसर हे शेडमधलं सगळ्यात मुकाट खाणारं जनावर. ७ बार प्रेशरला ३ मिलीमीटरच्या एका भोकातनं सेकंदाला साधारण ११ लिटर हवा जाती आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर ३ ते ४ किलोवॅट खातोय. आमचा कॉम्प्रेसर १० एचपीचा, म्हणजे साडेसात किलोवॅट. असलं एक भोक म्हणजे निम्मा कॉम्प्रेसर गेला.

मोजायचं असं. संध्याकाळी सगळी मशिनं बंद झाल्यावर, कुणीही हवा वापरत नसताना, कॉम्प्रेसर चालू ठेवा. घड्याळ घ्या. तो प्रेशर भरायला किती वेळ लोडवर चालतोय आणि मग किती वेळ थांबतोय किंवा अनलोडवर राहतोय, असे चार-पाच राऊंड लिहा आणि सरासरी काढा. लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोड दोन्हीची बेरीज, गुणिले १००, ही तुमची गळतीची टक्केवारी. आमचं आलं २ मिनिटं लोड, ४ मिनिटं अनलोड, म्हणजे ३३ टक्के. साडेसातच्या ३३ टक्के म्हणजे अडीच किलोवॅट, दिवसाला दहा तास धरले आणि महिन्याला २६ दिवस, ६५० युनिट. तुमच्या बिलावरचा दर घालून गुणाकार तुम्हीच करा, मी केला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शोधायला साबणाचं पाणी आणि ब्रश. जॉइंट, क्विक कपलर, होजच्या क्लिपा, एफआरएल युनिटच्या (हवा गाळून प्रेशर ठरवणाऱ्या युनिटच्या) खालचा ड्रेन, एअर गनचा ट्रिगर, आणि बंद पडलेल्या मशिनला अजून जोडलेली लाईन, ही शेवटची तर हमखास. दोन संध्याकाळी आणि थोडे कपलर-ट्यूब एवढ्यात आमचं ३० सेकंद लोड आणि साडेचार मिनिटं अनलोडवर आलं, म्हणजे १० टक्के. दर दोन महिन्यांनी परत मोजायचं, कारण गळती परत येतीच.

दुसरं, प्रेशर गरजेपेक्षा जास्त ठेवू नका. एक बार कमी केलं की कॉम्प्रेसरची साधारण ६-७ टक्के वीज वाचती. आम्ही साडेसातवरनं साडेसहावर आणलं. पण आधी मशिनच्या प्लेटवर किती लागतंय ते वाचा, व्हीएमसीचं टूल अनक्लॅम्प (टूल सोडणं) हवेवर असतंय आणि प्रेशर कमी पडलं की अलार्म देऊन मशिन उभं राहतंय. आणि एअर गननं अंगावरची चिप उडवायची सवय पोरांची मोडा, हवा जाती ते जाऊ दे, चिप डोळ्यात गेली तर काय करणार?

इन्सर्ट, कूलंट आणि भंगार

वापरून टाकलेल्या इन्सर्टचा (टूलच्या टोकाला बसणाऱ्या कापायच्या तुकड्यांचा) डबा एकदा टेबलावर ओता. आम्ही ओतला तर सीएनएमजी १२०४०८ या प्रकारच्या इन्सर्टला चार कटिंग कोपरे असताना बऱ्याच इन्सर्टचे दोनच वापरलेले. कुठला वापरलाय ते ऑपरेटरला आठवत नाही म्हणून तो नवीनच घेतोय. उपाय म्हणजे मार्करनं ठिपका, आणि जुना दिल्याशिवाय नवीन मिळणार नाही, चारी कोपऱ्यांवर ठिपके बघूनच. अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसती, ८० अंशाचे चार कोपरे संपले तरी त्याच इन्सर्टचे १०० अंशाचे चार कोपरे तसेच कोरे असतात, त्याला वेगळा होल्डर मिळतोय आणि रफिंगला (पहिल्या जाड कापणीला) ते मस्त चालतात. एक होल्डर घेतला, रफिंगचे नवीन इन्सर्ट घ्यायचे जवळजवळ बंद झाले.

कूलंटचं (कापताना सोडायच्या ऑईल-पाण्याचं) सांगायचं तर एक हातातलं रिफ्रॅक्टोमीटर घ्या, पाण्यात ऑईल किती ते त्यावर कळतंय. रीडिंगला कूलंटच्या डब्यावर दिलेल्या फॅक्टरनं गुणलं की टक्केवारी मिळती, साधारण ५ ते ८ टक्क्यांत ठेवतात, तुमच्या ऑईलचं डब्यावर बघा. आमचं अडीच निघालं, कारण टाकी उतरली की पोरगा नळाची पाईप सोडायचा. मग टॅप (आटे पाडायची टूल्स) तुटतात, पीस गंजतात आणि आपण टॅपच्या कंपनीला शिव्या देतोय. मिसळताना आधी पाणी आणि मग त्यात ऑईल, उलटं केलं तर फुटतंय.

भंगारात कास्ट आयर्नचं बोरिंग, स्टीलची चिप आणि ॲल्युमिनियम तीन वेगळ्या ड्रममध्ये ठेवा, एकत्र झालं की भंगारवाला सगळ्याला सगळ्यात स्वस्ताचा दर लावतोय.

शोधाशोध

फाइव्ह एसबद्दल (शेड नीटनेटकं ठेवायच्या पद्धतीबद्दल) सगळीकडं लिहिलेलं आहे म्हणून लांबवत नाही. सहा महिन्यांत हात न लागलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी, महिनाभर कुणी मागितली नाही तर बाहेर. फक्त एक, बाहेर काढायच्या आधी ती वस्तू कुणाची आहे ते बघा. मी जोशात येऊन एका कस्टमरचं गेज भंगारात घातलेलं, नंतर स्वतःच्या पैशानं बनवून दिलं आणि वर ऐकून घेतलं.

माणसं

एका कागदावर डावीकडं नावं, वर मशिनं, आणि चौकटीत खूण, एकटा चालवू शकतोय, बघायला कुणीतरी लागतंय, येतच नाही. ज्या रकान्यात एकच माणूस आहे तिथं तुमचं शेड एका तापावर बंद पडतंय. आमच्यात व्हीएमसीच्या सेटिंगला एकच होता. दुसरा तयार करायला आठवड्यातनं दोन सेटिंग त्याच्या हातनं करून घेतल्या, पहिला नुसता शेजारी उभा, हात पाठीमागं बांधून. हळू होतंय, पण दुसरा रस्ता नाही.

नवीन पोरं पाहिजेत तर कळंबा रोडच्या आयटीआयमधनं अप्रेंटिस घ्या. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार देतंय. पण अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हमाल असं धरणार असाल तर घेऊच नका, झाडू मारायला लावलेला पोरगा सहा महिन्यांत झाडूच शिकतोय.

अडकलेला पैसा

खरं सांगायचं तर छोट्या शेडमध्ये सगळ्यात कमी असतंय ते कॅश. काम आहे, मशिन आहे, पण बिलं अडकलेली. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) केली नसंल तर आजच करा, ऑनलाईन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यायला लागतंय, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. आणि २०२३-२४ पासून आयकराच्या ४३बी(एच) कलमानं आलेल्या नियमामुळं मुदतीत पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरता येतोय. हे नुसत्या ट्रेडिंगवाल्याला लागू नाही, मॅन्युफॅक्चरिंग आणि सर्व्हिसला आहे.

आता कायदा असला तरी थकीत बिलांच्या तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर आपल्याच मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार करायला छाती लागती, उद्या त्याच्याच गेटवर टेम्पो लावायचा असतोय. मी केलेली नाही. मी एवढंच केलं, प्रत्येक बिलावर उद्यम नंबर आणि "सूक्ष्म उद्योग, उत्पादन" छापलं, आणि फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंट्सला थकीत बिलांची यादी मेल केली, दिवसांसकट, एक शब्द कडू न लिहिता. त्यांचा सीए मार्चमध्ये तीच यादी मागतोय, त्यामुळं आपलं काम आपोआप पुढं सरकतंय.

स्टॉक कमी ठेवा असं सगळे सांगतात, मी पण ठेवतोय, पण कोल्हापूरवाल्यानं जुलै-ऑगस्टला हा नियम जरा बाजूला ठेवावा. २०१९ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद झाला, कास्टिंग पलीकडं, आम्ही अलीकडं. २०२१ ला पुन्हा तेच. तेव्हापासनं पावसाळ्याच्या तोंडावर आठवडाभराचं जास्त कास्टिंग, कूलंट आणि इन्सर्ट आत घेऊन ठेवतोय.

मग नवीन मशिन घ्यायचं कधी?

व्हीएमसी आता ४८० पैकी ३४० मिनिटं चिप काढतीय. जेवणाच्या वेळची ४५, सेटिंगची ५५ आणि वाट बघण्यातली ३०, एवढी वाढली. शोधाशोध आणि पहिल्या पीसची वाट अजून तशीच आहे. मी स्वतःला ३८० चा आकडा घातलाय. तिथं पोचूनसुद्धा मशिनसमोर क्रेट साठत असतील तर कोटेशन ड्रॉवरमधनं बाहेर काढायचं, त्याच्या आधी नाही.

सध्या मात्र क्रेट व्हीएमसीसमोर नाहीतच. ते तपासणीच्या टेबलासमोर साठायला लागलेत, तिथं एकच माणूस, एकच हाईट गेज, आणि पहिला पीस ओके करायला सगळे त्याच्याच डोक्यावर उभे. क्लिपबोर्ड काल तिकडं टांगलाय, पेन दोऱ्यानं बांधून.